टेस्टनंतरची जिलेबी

आमच्या जुईनगरच्या सोसायटीचा दिवाळी अंक काढणाऱ्या मंडळींनी यंदा मला विषय दिला तो असा: तुम्ही इंजिनिअर लोक आपले सण काय खाऊन साजरे करता ते लिहा. हलकंफुलकं लिहा, असंही बजावलं. मी बरं म्हटलं. सुरुवात हलकीच करणार आहे. पुढचं पुढे बघू.

मी फारसा बोलणारा माणूस नाही. माझं सगळं आयुष्य क्वालिटीत गेलं आणि क्वालिटीवाल्याला पगार मिळतो तो 'नाही' म्हणण्याचा. पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीत आमचं वर्कशॉप आहे. आम्ही प्रेशर व्हेसल बनवतो. घरातला कुकर डोळ्यांसमोर आणा, तो आडवा करा आणि इतका मोठा करा की आत माणूस ताठ उभा राहील. औषधाच्या, रंगाच्या, तेलाच्या कारखान्यांना हे लागतात. जाड पत्रे वाकवायचे, वेल्डिंगने जोडायचे, त्याला पाइप जोडण्यासाठी ठिकठिकाणी माना बसवायच्या. मानेला आम्ही नोझल म्हणतो. आणि सगळं झालं की परीक्षा.

परीक्षा म्हणजे टाकीत काठोकाठ पाणी भरायचं, पंपाने दाब चढवायचा, रोजच्या कामाला लागणार त्याच्यापेक्षा बराच जास्त, आणि मग तो दाब धरून ठेवायचा. गेजचा काटा जागचा हलता कामा नये आणि एकाही जोडातून पाणी पाझरता कामा नये. पाणीच का, असं बाहेरचे विचारतात. हवा भरली आणि जोड सुटला तर शेडचं छप्पर जाईल. पाणी दाबलं जात नाही. जोड सुटला तरी कपडे भिजतात, माणसं राहतात.

तर आमचा खरा सण हा. टेस्ट पास झाली की जिलेबी.

याचे नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत, पण ते कंपनीच्या कुठल्याही नियमापेक्षा जास्त पाळले जातात. टेस्ट होईपर्यंत शेडमध्ये गोड पदार्थाचं नाव काढायचं नाही. तुर्भ्याच्या नाक्यावर मिश्राजी हलवाई आहेत. टेस्टच्या दिवशी त्यांच्याकडे पीठ भिजवलेलं असतं, पण आधी ऑर्डर द्यायची नाही. काटा हलला नाही, इन्स्पेक्टरने मान डोलावली, की मी फोन करायचा आणि दोनच शब्द बोलायचे, "कढई चढवा." फोन नाही गेला तर मिश्राजी ते पीठ संध्याकाळच्या गिऱ्हाइकात खपवतात आणि पुढच्या भेटीत त्याचा विषयसुद्धा काढत नाहीत.

दुसरा नियम असा की शेवटचा जोड ज्याने केला, पहिली जिलेबी त्याची. तीही त्याने स्वतः घ्यायची नाही, इंजिनिअरने भरवायची. नव्या लोकांना यात मोठा मानसन्मान वाटतो. मूळ कारण साधं आहे. वेल्डरचे हात काळे असतात, आणि आमच्या पहिल्या फोरमनला ताटात काळी बोटं चालायची नाहीत.

बाकी सण आहेतच. सप्टेंबरच्या मध्यावर इंजिनिअर्स डे येतो. तो भाषणांचा सण, त्यात समोसा गार होतो. लगेच विश्वकर्मा पूजा. ती आमच्या उत्तरेकडच्या वेल्डरांची. ते पुरी-भाजी आणि बुंदी करतात. एका वर्षी त्यांचा सिलेंडर संपला तेव्हा पत्रे तापवायच्या बर्नरवर भाजी शिजवली आणि ती अशी लागली की पातेलंच भंगारात टाकावं लागलं. मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी, ती आम्हा मराठी लोकांची. मशीन बंद, नारळ, शिरा, झेंडूची फुलं. पूजेत माझी मोजमापाची हत्यारंही मांडतात आणि दुसऱ्या दिवशी माझा अर्धा दिवस व्हर्नियरच्या दातांतून हळदकुंकू काढण्यात जातो.

इन्स्पेक्टर लोकांच्या तऱ्हा वेगळ्याच. बेलापूरहून एक अय्यर साहेब यायचे. टेस्टच्या दिवशी ते चहासुद्धा घ्यायचे नाहीत. गेजसमोर स्टूल टाकून बसायचे आणि आपल्या डब्यातला दहीभात खायचे. आम्हाला वाटायचं, माणूस आमच्यात मिसळत नाही. एकदा निघताना हळूच म्हणाले, चार जिलेब्या बांधून द्या. बायको दारातच हाताकडे बघते, पुडा नसेल तर त्या दिवशी ती कामाचं काही विचारत नाही.

एवढं हलकंफुलकं पुरे. आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

बबनदादा आमचे सगळ्यात जुने वेल्डर. पावणे गावचेच, आगरी. कंपनीच्या शेडखाली त्यांच्या काकांचं शेत होतं असं ते म्हणायचे, आणि त्यात तक्रार नसायची, माहिती असायची. मला ते साहेब म्हणायचे आणि अरे-तुरे करायचे. त्यांच्या बोलीत दोन्ही एकत्र बसतं. मी नवा असताना एका जोडावरून त्यांच्याशी हुज्जत घातली होती. त्यांनी शांतपणे हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवलं आणि म्हणाले, "तू कर, मी बघतो." मी केलेला जोड पाहून आख्खी शेड आठवडाभर हसत होती. पण त्यांनी तो फोडून नीट करताना एक शब्द काढला नाही.

ते निवृत्त होणार होते त्या वर्षी मालकांच्या डोक्यात एक कल्पना आली. इंजिनिअर्स डे, एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या टाकीची टेस्ट आणि बबनदादांचा निरोप, सगळं एकाच दिवशी करायचं. पाहुणे येतील, टेस्ट बघतील, मग जेवण. दादांचे शेवटचे जोड त्याच टाकीवर होते. त्यांची बायको आणि मुलगा प्रकाश यांनाही बोलावलं होतं. वहिनी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या आणि प्लास्टिकच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या.

व्यवस्था माझ्याकडे होती. पाहुण्यांना ताटकळत ठेवायला नको म्हणून जिलेबी सकाळीच मागवा, असं मालकांनी सांगितलं. मी मिश्राजींना फोन केला. ते जरा थांबले आणि म्हणाले, "साहब, हो गया क्या?" मी म्हटलं, होईल. त्यांनी पाठवली, पण आनंदाने नाही. जिलेबीबरोबर मठ्ठा हवाच. केटररने बर्फ घातलेले स्टीलचे मोठे डबे आणले. ठेवायचे कुठे? खाली पाहुण्यांच्या पायांत येत होते. टाकीच्या बाजूला परांची बांधलेली होती, तिच्या फळ्यांवर सावली होती, वारा होता. मीच म्हटलं, वर ठेवा आणि कापड झाका.

दाब चढला. सगळे घोळका करून उभे. मी बॅटरी घेऊन एकेक जोड बघत चाललो होतो. बाजूच्या एका नोझलपाशी आलो आणि जोडाच्या खालच्या अंगाला एक थेंब लोंबताना दिसला.

आमच्या हवेत टाकीला घाम येतो. बाहेर दमट, आत गार पाणी. त्यामुळे थेंब दिसला की घाबरायचं नाही. पुसायचा, थांबायचं, परत बघायचं. घाम कुठेही येतो, गळती त्याच जागी येते. मी पुसला. थांबलो. त्याच जागी परत थेंब. पुन्हा पुसला, पुन्हा आला.

गेजचा काटा हललेला नव्हता. बारीक गळतीत तो कधीकधी हलत नाही, हेही खरं. पण अशा वेळी घाई करायची नसते. ओल कुठून येते ते कळायला जोडाला खडू फासायचा, वर-खाली बघायचं, दुसऱ्या माणसाला दाखवायचं. रोजच्या दिवशी मी तेच केलं असतं. त्या दिवशी पाहुण्यांचे डोळे माझ्या बॅटरीवर होते. मी सरळ उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "लीक आहे. टेस्ट फेल."

गिऱ्हाइकाच्या साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मालकांना म्हणाले, असा माणूस असेल तर आम्ही डोळे मिटून ऑर्डर देऊ. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं. बरं वाटलं होतं मला.

बबनदादा पुढे आले. वाद नाही, काही नाही. थेंब बघितला आणि म्हणाले, "साहेब, तू बोल्लास मंग खराच हाय." मग वळून सगळ्यांची माफी मागितली. वहिनींकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहुणे जेवायला ऑफिसात गेले. दादा जेवायला तयार नव्हते. पानी सोडा, आधी माझा जोड नीट करतो, मंग बघू, म्हणाले. पाणी नोझलच्या खाली उतरलं तसा त्यांनी ग्राइंडर घेतला.

तेवढ्यात केटररचा माणूस मठ्ठ्याचे डबे खाली घ्यायला आला. मी सहज वर पाहिलं आणि हात द्यायला परांचीवर चढलो. डबे उचलल्यावर फळीवर ओली गोल कडी राहिली होती. बर्फामुळे डब्यांना सुटलेलं पाणी फळीच्या फटीतून खाली येत होतं, नोझलच्या मानेवर पडत होतं आणि जोडाच्या कडेने ओघळत खालच्या अंगाला जाऊन लोंबत होतं. माझ्यासमोर अजून एक थेंब पडला. टाकीत आता त्या उंचीला पाणीच नव्हतं.

खाली ग्राइंडर सुरू झाला होता. ठिणग्या उडत होत्या. एक हाक मारायची होती फक्त. मी खिशातून रुमाल काढला आणि फळी पुसली.

यापुढचं सांगायला मला सगळ्यात जड जातं. दादांनी जोड बराचसा खरवडला आणि तडा, छिद्र, काहीतरी सापडेल म्हणून त्यावर बारीक फटीत शिरणाऱ्या लाल रंगाची चाचणी घेतली. रंग कुठेच धरला नाही. जोड आरशासारखा स्वच्छ. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय दिसत नाय रे साहेब?"

मी म्हणालो, "खोल असेल. अजून घ्या."

त्यांनी अजून घेतलं. पार आरपार जाईपर्यंत घेतलं. मग ग्राइंडर खाली ठेवून स्वतःच्या हातांकडे पाहिलं. नवा जोड मारायला त्यांनी दुसऱ्या वेल्डरला बोलावलं. शाल-श्रीफळ ऑफिसात झालं. जिलेबीच्या परातीला शेडमधल्या एकाही माणसाने हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी टेस्ट पास झाली, पहिली जिलेबी मी त्या दुसऱ्या वेल्डरला भरवली, आणि बबनदादा तेव्हा घरी होते, कारण ते निवृत्त झाले होते.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. उद्या जाऊ, असं म्हणत गेलो. गोष्ट जितकी शिळी होते तितकी उकरायला अवघड जाते. प्रकाश आमच्याच वसाहतीत टेम्पो चालवतो, अधूनमधून भेटायचा. एकदा कळलं की निवृत्तीनंतर गेट-ग्रिलची कामं घ्यायची म्हणून दादांनी वेल्डिंग मशीन घेऊन ठेवलं होतं, ते पोत्यात गुंडाळून पडलंय. मी विचारलं, का? प्रकाश म्हणाला, "बाबा बोलतात, हात गेला. लोकाच्या दाराला लावून कोनाच्या अंगावर पाडू का?" मी मान हलवली आणि चहाचे पैसे देऊन निघालो.

इकडे कंपनीत माझा तो थेंब मोठा होत गेला. मालक प्रत्येक नव्या इंजिनिअरला गोष्ट सांगू लागले: भर कार्यक्रमात, पाहुण्यांसमोर, निरोपाच्या दिवशीसुद्धा सामंतांनी, म्हणजे मी, एका थेंबावर टाकी फेल केली. याला म्हणतात क्वालिटी. दरवर्षी इंजिनिअर्स डेला ही गोष्ट होते. यंदा माझा सत्कार करून सांगितली आणि मालकांनी स्वतःच्या हाताने मला पहिली जिलेबी भरवली. मी कधी वेल्डिंगचा एक धड जोड मारलेला नाही. तो घास तोंडात फिरत राहिला. बाहेर बेसिनपाशी जाऊन टाकला.

त्या रविवारी पावणे गावात गेलो. हातात जिलेबीचा पुडा. काय म्हणून नेला होता, मलाच माहीत नाही. दादा ओट्यावर बसले होते, वहिनी सुकट निवडत होत्या. पाणी आलं, तब्येतीची चौकशी झाली, आणि मग मी सांगून टाकलं. डबे, फळी, रुमाल, "अजून घ्या." काही गाळलं नाही.

वहिनींचे हात थांबले. त्या मला नाही, सुपाला म्हणाल्या, "ह्या मानसानं एवढी वर्सं घराचा नळ पन दुसऱ्याकडून नीट करून घेतला. मी बोलली तर बोलायचे, माजा हात फुटका."

दादांनी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला. मग विचारलं, "गेजचा काटा पडला व्हता का?"

"नाही."

"मी बघितलाच नाय," ते म्हणाले. "तू बोल्लास, मी मानला. गेज समोर व्हता." मग, "डबं वर कोनी ठेवाय लावलं?"

"मीच."

त्यांनी मान हलवली, जणू हिशोब जुळला. पुडा माझ्याकडे सरकवला. "हे ने तू. आन् आज जा."

मी गेलो. माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत, आणि तसं ऐकायला मी गेलो होतो हे मला परतताना रिक्षात कळलं. सोमवारी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, सामंत, आता कशाला, गोष्ट चांगली आहे. मी म्हटलं, चांगली आहे, खरी नाही. आता इथे लिहितोय. आमच्या कंपनीतले तिघे याच सोसायटीत राहतात, म्हणजे पोचेल.

लेख इथेच संपणार होता. पण खंडेनवमीच्या सकाळी प्रकाशचा फोन आला. बाबांनी बोलावलंय, बॅटरी घेऊन या.

त्यांच्या परसात वेल्डिंग मशीन होतं. पोतं घडी करून बाजूला ठेवलेलं, मशीनला हळदकुंकू. शेजारी घरची लोखंडी पाण्याची टाकी, तिला नवा पाइप जोडलेला. जोड अजून निळसर होता. टाकी काठोकाठ भरलेली आणि तिच्या गळ्यात झेंडूचं तोरण. दादांची बोटं काळी होती. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी मला या म्हटलं नाही, पण बसायला स्टूल आणून ठेवलं.

"बघ," दादा म्हणाले.

मी वाकलो. बॅटरी फिरवली. जोडाच्या खालच्या अंगाला एक थेंब लोंबत होता.

मी थेंब पुसला नाही. आधी वर पाहिलं. तोरणावर वहिनींनी पाणी शिंपडलं होतं, आणि एका झेंडूच्या टोकाशी पुढचा थेंब धरून होता. मी तोरण काढलं आणि मशीनवर ठेवलं. मग जोड कोरडा पुसला आणि स्टुलावर बसलो. दादा समोर उकिडवे बसले. दोघंही जोडाकडे बघत. वहिनींनी आतून विचारलं, चहा टाकू का? दादा म्हणाले, "आता नको, थांब."

बराच वेळ गेला. मी बोट फिरवलं. कोरडं. दादांनी फिरवलं. मग पुन्हा एकदा मी.

खिशातून फोन काढला. तिकडे मिश्राजींचा आवाज आला. त्यांनी काही विचारलं नाही, नुसते थांबले. दादा माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हटलं, "कढई चढवा."